परत आलेला डबा

मुलांच्या डब्याविषयी हल्ली जितके लिहिले आणि बोलले जाते, तितके त्यांच्या मधल्या सुट्टीविषयी कुणी लिहीत नाही, बोलतही नाही. जून उजाडला, की मासिकांची पाने, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि मोबाईलचे पडदे एकाच उपदेशाने भरून जातात: डबा मजेदार करा, डबा पौष्टिक करा! पोळीला साच्याने चांदणीचा आकार द्या. इडलीला मिऱ्याचे डोळे लावा. गाजराची फुले कातरा, काकडीचे होडके करा, बिटाच्या रसात कणीक भिजवून पुऱ्या गुलाबी करा. आठवड्याचे सहा वार, सहा रंग आणि डब्याचे पाच कप्पे! हे सारे जिने करायचे, तिच्या सकाळच्या घड्याळात मिनिटे किती आहेत, हे विचारण्याची गरज उपदेशकाला वाटत नाही. आणि एवढे करूनही तो डबा संध्याकाळी तसाच परत आला, चांदण्या मऊ पडलेल्या, होडके बुडालेले, तर दोष कुणाचा? अर्थात आईचा! तिने पुरेशी गंमत केली नाही!

मला या लेखात एवढेच सांगायचे आहे, की हा न्याय उलटा आहे. भरलेला डबा परत येतो तो बहुतेक वेळा आतल्या पदार्थामुळे येत नाही. मुलाला तो खायला वेळ मिळत नाही, बसायला जागा मिळत नाही, आणि पुष्कळदा चारचौघांत झाकण उघडण्याचे धैर्य होत नाही, म्हणून तो परत येतो. यांतली एकही गोष्ट आईच्या हातात नाही. त्या शाळेच्या हातात आहेत, शाळा चालवणाऱ्यांच्या हातात आहेत, आणि शाळांसाठी कायदे करणाऱ्यांच्या हातात आहेत. ही सर्व मंडळी मिळून आईला पोळीच्या चांदण्या कापायला सांगतात आणि आपण मोकळी होतात.

‘हे सांगणाऱ्या तुम्ही कोण?’ असा प्रश्न येणार. मी आहारशास्त्रज्ञ नाही. मॅट्रिक, म्हणजे हल्ली जिला दहावी म्हणतात ती, झाले. पुढे चित्रकला-शिक्षिकेची पदविका घेतली. कादंबऱ्या लिहिते त्या रात्री, घर निजल्यावर. माझ्या शिक्षणाची लांबी एवढीच. परंतु वेळापत्रकात चित्रकलेचा तास कुठे टाकतात, हे शाळेशी संबंध आलेल्या प्रत्येकाला माहीत असते. गणित आणि विज्ञान सकाळच्या ताज्या तासांना. चित्रकला मधल्या सुट्टीनंतर. त्यामुळे वीस वर्षे मी मुलांना जेवणावरून उठल्या उठल्या पाहात आले आहे. कागदावर तेलाचा अंगठा उठला, की मला कळते, हा जेवला. ज्याचा कागद स्वच्छ कोरडा, आणि ज्याची मान अर्ध्या तासातच बाकावर टेकते, त्याच्या दप्तरात हात घातला तर भरलेला डबा हाताला लागतो. हा माझा सारा अभ्यास. पण तो पुस्तकातला नाही.

आता हिशेब मांडू. मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत मोठी सुट्टी वीस ते तीस मिनिटांची असते. आपण पंचवीस धरू. कुणावर अन्याय नको. घंटा झाली. फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंचे वाक्य पुरे व्हायला दोन मिनिटे. वर्गात साठ मुले आणि व्हरांड्याच्या टोकाला नळ दोन, त्यांतला एक ठिबकणारा. हात धुवायच्या रांगेत सहा मिनिटे. दप्तरातून डबा काढणे आणि घट्ट बसलेले झाकण कुणाकडून तरी उघडून घेणे, दोन मिनिटे. सुट्टी संपण्यापूर्वी लघवीला जाऊन येणे, तिथेही रांग, पाच मिनिटे. पहिली घंटा ते दुसरी घंटा, वर्गाबाहेर ओळ, तीन मिनिटे. बेरीज अठरा. उरली सात! या सात मिनिटांत सात वर्षांच्या पोराने दोन पोळ्या, भाजी आणि वर गाजराची फुले चावून चावून खायची. ‘घास बत्तीस वेळा चावावा’ हे आम्हीच त्याला परिसर अभ्यासाच्या तासाला शिकवतो, हे विसरू नका. बत्तीस वेळा चावायचे म्हटले तर त्याची एक पोळीसुद्धा संपणार नाही. मोठ्या माणसांच्या कचेरीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते, आणि तिचा पाऊण तास कसा होतो हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे कुणी घंटा वाजवीत नाही.

शिवाय याच सात मिनिटांत खेळही कोंबलेला आहे. सकाळी सातला घरून निघालेले, चार तास बाकाला खिळलेले मूल सुट्टीच्या घंटेला कशाकडे धावेल? मैदानाकडेच धावेल, आणि धावलेच पाहिजे. त्याच्या अंगातले रक्तच त्याला तिकडे ओढून नेते. जेवण आणि खेळ या मुलाच्या दोन भुका आहेत. आपण त्या एकाच सात मिनिटांच्या खोलीत कोंडून त्यांची झुंज लावून दिली आहे. त्या झुंजीत डबा हरतो. यात डब्याचा दोष नाही आणि मुलाचाही नाही. आई मात्र संध्याकाळी विचारते, ‘अरे, आवडलं नाही का?’ पोरगे खांदे उडवते. सात मिनिटांचे गणित त्याला मांडता येत नाही. म्हणून ते म्हणते, ‘नाही आवडलं.’ आणि ती माउली दुसऱ्या दिवशी पावणेपाचाचा गजर लावते.

या सजवलेल्या डब्यांचे मूळ कुठले, तेही पाहण्यासारखे आहे. जपानात भाताच्या मुदीला अस्वलाचे कान आणि सशाचे डोळे लावून डबा सजवण्याची एक रीत आहे. तिला ‘क्याराबेन’ म्हणतात. ती आता सगळ्या जगात पोचली, तशी आपल्याकडेही आली. चांगले शिकायला माझी ना नाही. परंतु जपानकडून शिकायचे तर पुरे शिकावे! सजवलेला डबा तिथे मुख्यतः बालवाडीच्या पोरांचा आणि सहलीच्या दिवसाचा. प्राथमिक शाळेत गेलेले मूल बहुधा डबा नेतच नाही. तिथे शाळाच जेवू घालते. १८८९ साली त्सुरुओका गावातल्या एका शाळेत गरिबांच्या मुलांना भाताचे गोळे, भाजलेला मासा आणि लोणचे दिले, तिथून या प्रथेची सुरुवात मानतात. आणि १९५४ साली शाळेतल्या जेवणाचा स्वतंत्र कायदा झाला. मुले पाळीपाळीने पांढरी टोपी आणि एप्रन घालून वर्गात जेवण आणतात, एकमेकांना वाढतात, सारी मिळून जेवतात आणि सारी मिळून आवरतात. गुरुजीही त्यांच्यातच बसून तेच अन्न खातात. वाढणे, खाणे, आवरणे यांना तिथल्या वेळापत्रकात सात मिनिटे नसतात, चांगला पाऊण तास असतो. आणि तो वेळ शिक्षणातच मोजतात. आपण काय केले? त्या देशाची पंगत तिथेच ठेवली आणि अस्वलाचे कान तेवढे उचलून आणले! कान उचलायला पैसा पडत नाही. आई फुकट राबते.

राबणारी ती एकटीच असते, हेही सांगितले पाहिजे. शाळांची सूचनापत्रे वाचा. ‘मातांना विनंती आहे की…’ म्हणून सुरुवात होते. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी पराठा, गुरुवारी हिरवा पदार्थ, शुक्रवारी ‘आईच्या हातचा खास पदार्थ’! ही आई शेतमजूर असू शकते, परिचारिका असू शकते, रात्रपाळी करून पहाटे घरी आलेली असू शकते, हे सूचनापत्र लिहिणाऱ्याच्या गावी नसते. आणि पित्यांना विनंती का नाही? लग्नकार्यात पाचशे पानांचा स्वयंपाक करणारे आचारी पुरुष. खाणावळीत भट्टीपुढे उभे राहणारे पुरुष. मुंबईत शंभराहून अधिक वर्षे लोकांचे डबे डोक्यावरून वाहणारे पुरुष. मग आपल्याच पोराच्या डब्यात दोन पोळ्या गुंडाळून ठेवताना पुरुषाचा हात कुठे अडतो? डबा कुणी भरला यावर त्यातली जीवनसत्त्वे ठरत नाहीत.

परंतु सूचनापत्रांत याहून वाईट गोष्टी असतात. ‘डब्यात अंडी, मांस, मासे आणू नयेत’, हे वाक्य मी एकाहून अधिक शाळांच्या पत्रांत वाचले आहे. दिसायला साधे वाक्य. पण ते वर्गातल्या कुणाकुणाला उद्देशून आहे, ते वर्गातल्या प्रत्येकाला कळते. ज्याच्या घरी सुकटीची चटणी हे रोजचे कोरड्यास, ज्याच्या घरी अंडे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली प्रथिने, त्या मुलाला या एका ओळीने सांगितले जाते, की तुझ्या घरचे अन्न या इमारतीत आणण्याच्या लायकीचे नाही. मग ते मूल काय करते? मी पाहिले आहे. ते डब्याचे झाकण पुरते काढत नाही. एका बाजूने उचलून धरते, आत हात घालते आणि घास तोंडात टाकून पुन्हा झाकण दाबते. काही मुले तेवढेही करीत नाहीत. दप्तराची चेनच उघडत नाहीत. हा डबा घरी परत गेला तर त्यावर गाजराची किती फुले ठेवणार आहात?

दुसरा नियम, ‘डबा वाटून खाऊ नये.’ याला एक खरे कारण आहे आणि ते मी मानते. एखाद्या मुलाला शेंगदाणा, दूध किंवा मासा सोसत नाही. एका घासानेही त्याच्या जिवावर बेतू शकते. अशा मुलाविषयी शिक्षकाला माहिती असलीच पाहिजे आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवलेच पाहिजे. पण एका मुलाची काळजी घेणे वेगळे आणि साठ मुलांना साठ भिंतींआड बसवणे वेगळे. बहुतेक ठिकाणी या नियमामागे औषधशास्त्र नसते. ‘कुणाचे कुणी खाल्ले’ ही जुनी भीती असते, आता स्वच्छतेचा कोट घालून आलेली. सुदैवाने मुले हा नियम पाळीत नाहीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की आठवडाभर पाहा: प्रत्येक डब्यात चकली, शंकरपाळे, चिवडा. कुणाची चकली कडक, कुणाची मऊ, कुणाच्या चिवड्यात खोबऱ्याचे काप, कुणाच्यात नुसत्याच डाळ्या. त्या आठवड्यात एकही डबा भरलेला परत जात नाही. खरी गंमत ती. अन्नाला चव शेजाऱ्यामुळे येते, ही गोष्ट पोरांना कुणी शिकवावी लागत नाही. आम्ही ती विसरायला मात्र शिकवतो.

महाराष्ट्राला हे नवे सांगावे लागावे याची लाज वाटते. शाळेत शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही नाही, असे बालपण बाबासाहेब आंबेडकरांच्या वाट्याला आले. ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आणि याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहात आणि एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींनी तिथे येऊन त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही मोडले. शाळेतली पंगत कशी असावी हे ज्या मातीत इतक्या मोठ्या किमतीने सिद्ध झाले, तिथेच आज पोराने झाकणाआडून घास घ्यावा काय? लक्ष्मीबाईंनी पोळीच्या चांदण्या कापल्या नव्हत्या. सर्वांना एका ओळीत बसवून पोटभर वाढले होते.

आता ‘पौष्टिक’ या शब्दाकडे वळते. हा शब्द बाजाराने इतका वापरला आहे, की आईला आपल्याच स्वयंपाकघरावर अविश्वास वाटू लागला. अमुक चूर्ण दुधात घाला, तमुक वडी डब्यात ठेवा. पुड्यावर धावणारा मुलगा आणि मागे बारीक अक्षरात साखर. शाळेच्या उपाहारगृहांत चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ विकू नयेत असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ साली काढला. पुढे २०२० साली देशभरासाठी नियम झाले, आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत अशा विक्रीला मनाई झाली. उत्तम! पण सात मिनिटांत न जेवलेले पोर शाळा सुटल्यावर एक्कावन्नाव्या मीटरवर काय करते, हे फाटकापाशी उभे राहिले म्हणजे दिसते.

वास्तविक आपल्या फडताळात काय नाही? शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा प्रथिने असतात. पोळीला लावलेली दाण्याची चटणी हे गरिबाचे लोणी आणि गरिबाचे अंडे, दोन्ही आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदूळ आणि गहू त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व असते, आणि हिवाळ्यात तो आपल्या गावोगावी टोपलीने मिळतो. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळले, तर तिच्यातले लोह अंगी अधिक लागते. मोठ्या मुलांना जेवणाबरोबर चहा दिला, तर कमी लागते. एवढे ज्ञान कुठल्याही आईला पुरे आहे, आणि पुष्कळींना ते आजीकडून मिळालेलेही असते.

डबा भरण्याविषयी माझा उपदेशही एवढ्याच लांबीचा आहे. पोळी-भाजी थोडी निवू द्यावी आणि मग झाकण लावावे. वाफ कोंडली, की पोळी ओली होते आणि भाजी लवकर विटते. रात्रीचा भात उन्हाळ्यात सकाळी डब्यात भरू नये. पदार्थ एका हाताने, न सांडता खाता यावा: गुंडाळलेली पोळी, थालीपीठ, धिरडे, दशमी, मुटके. मुलाला जेवढे संपेल तेवढेच द्यावे; अर्ध्या पोळीचा रिकामा डबा हा दोन पोळ्यांच्या भरल्या डब्याहून पौष्टिक असतो. आणि झाकण असे असावे, की ते पोराला स्वतः उघडता यावे. पाच कप्प्यांचे, चार खटक्यांचे डबे मी रोज उघडून देते. त्यांत मुलाची दोन मिनिटे जातात आणि माझी नखे जातात. या उपदेशात कुठे साचा नाही, कुठे बिटाचा रस नाही. वेळ असेल त्या रविवारी पोरांबरोबर बसून खुशाल पोळीचे हत्ती करावेत. मी चित्रकलेची शिक्षिका आहे. चेहरे काढण्याला माझा विरोध कसा असेल? माझा विरोध आहे तो चेहऱ्याने भूक भागते या समजुतीला.

इथवर मी ज्या मुलांबद्दल बोलले, त्यांच्या दप्तरात निदान डबा तरी आहे. ज्यांच्या दप्तरात तोही नाही, त्यांची गोष्ट डब्याच्या पाककृती छापणाऱ्यांच्या पानावर कधीच येत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची पोषण आहाराची योजना सुरू झाली. आरंभी पुष्कळ ठिकाणी कोरडे धान्यच हातावर टेकवीत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मुलांना शिजवलेले अन्न द्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते जेवण आठवीपर्यंतच्या मुलांचा हक्क झाले. लहानांना ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, वरच्या वर्गांना ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, असे माप ठरले. ज्या खिचडीची मध्यमवर्गीय बैठकीत थट्टा होते, तिच्यामागे एवढा मोठा झगडा आहे. ती खिचडी खाऊन माझ्या वर्गात आलेल्या मुलांच्या कागदावर तेलाचे अंगठे उमटतात, ते मी आनंदाने पुसते.

परंतु तिथेही पाहा. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याला शाळेच्या इमारतीची एक यादी जोडलेली आहे. तीत वर्गखोल्या आहेत, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे आहेत, पिण्याचे पाणी आहे, मैदान आहे, कुंपण आहे. जेवण शिजवायला स्वयंपाकघरही आहे. बसून जेवायला जागा मात्र त्या यादीत नाही! शिजवावे कुठे हे आम्हाला सुचले, खावे कुठे हे सुचले नाही. म्हणून पावसाळ्यात पोरे ताटली छातीशी धरून व्हरांड्यात उभ्याने जेवतात. अंड्याचीही तीच कथा. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरले. न खाणाऱ्यास केळे. पोरे त्या वाराची वाट पाहू लागली. २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा पैसा थांबवला आणि अंडे हवे तर लोकवर्गणी काढा म्हणून सांगितले. ज्या गावात सर्वांत भुकेली मुले, त्या गावाने सर्वांत मोठी वर्गणी काढावी, असा हा हिशेब!

आणि सर्वांत क्रूर गोष्ट म्हणजे आठवीची रेघ. योजना आठवीला संपते. एकाच इमारतीत, एकाच घंटेला, आठवीतला मुलगा ताटलीत जेवतो आणि नववीतला त्याचा भाऊ नळावर पाणी पिऊन मैदानाच्या कडेला बसतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी शरीर झपाट्याने वाढते. मुलींच्या अंगातले रक्त कमी पडायचे तेही याच वयात. नेमक्या त्याच वर्षी आम्ही ताटली काढून घेतो, आणि दहावीचा निकाल लागला की नापासांच्या बुद्धीची चिकित्सा करीत बसतो. हे अशक्य आहे असेही नाही. शेजारच्या कर्नाटकात नववी-दहावीची मुलेही शाळेत जेवतात. बरे, दप्तराच्या ओझ्याविषयी केंद्राने २०२० साली जे धोरण काढले, त्यात तर स्वच्छ म्हटले आहे, की शाळेने चांगले जेवण आणि चांगले पाणी पुरवावे, म्हणजे मुलांना डबा आणि बाटली वाहावी लागणार नाही. म्हणजे सरकारलाही हे कळते! फक्त ते दप्तराच्या वजनापुरते कळते, पोटापर्यंत पोचत नाही.

माझ्या या म्हणण्यावर मुख्याध्यापक मंडळी काय म्हणतील ते मला पाठ आहे. ‘बाई, तासिका पुऱ्या व्हायला हव्यात. दोन पाळ्यांची शाळा आहे. वेळ आणायचा कुठून?’ वेळ आणायचा तिथून, जिथे तो आज सांडतो आहे. उन्हात उभे करून केलेली भाषणे, पाहुण्यांचे हारतुरे, वर्गात मध्येच येणारी सूचनांची वही, दर आठवड्याला भरायचे कसले ना कसले दिन; यांतून दिवसाला पंधरा मिनिटे निघत नाहीत, असे एकही शाळा शपथेवर सांगणार नाही. आणि समजा निघाली नाहीत, तरी उपाशी पोराला शिकवलेली तासिका पुरी होते ती हजेरीपटावर. दुसरा आक्षेप शिस्तीचा: ‘जास्त वेळ दिला की मुले दंगा करतात.’ करतील की! पोट भरलेले मूल दंगा करते; ते निरोगी असल्याचे लक्षण आहे. मला भीती वाटते ती सुट्टीनंतर अगदी गप्प बसणाऱ्या वर्गाची.

म्हणून माझे मागणे रोखठोक आहे. मोठी सुट्टी निदान चाळीस मिनिटांची असावी, आणि तिचे दोन भाग असावेत: पहिली वीस मिनिटे सर्वांनी बसून जेवायची, उरलेली वीस खेळायची. व्हरांड्यात चार सतरंज्या टाकायला कुठल्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. नळ वाढवायला मात्र लागते, आणि ते मागितलेच पाहिजेत. शिक्षकाने आपला डबा शिक्षकखोलीत न उघडता मुलांच्या पंगतीत उघडावा. गुरुजींच्या डब्यात कधी शिळी भाकरी आणि ठेचा दिसला, की पुष्कळ पोरांची झाकणे आपोआप उघडतील. कुणाच्या घरचे अन्न शाळेत यावे आणि कुणाच्या घरचे येऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार कुठल्याही शाळेला नसावा. आणि शाळेतले जेवण दहावीपर्यंत मिळावे, अंड्यासकट मिळावे, सरकारच्या पैशाने मिळावे. यांतले पहिले पालकांच्या एका सभेत होऊ शकते. शेवटचे व्हायला आंदोलन लागेल. तर ते करावे.

आणि तुम्हा आयांना आणि बापांना एकच सांगते. सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू होईल, आणि एखाद्या संध्याकाळी डबा पुन्हा भरलेला घरी येईल. त्या वेळी साचे आणि रंग शोधायला जाऊ नका. मुलाला जवळ घ्या आणि तीन प्रश्न विचारा: जेवायला वेळ किती मिळाला? कुठे बसलास? आणि शेजारी कोण होते? त्याची उत्तरे नीट ऐका, कागदावर लिहा, खाली सही करा आणि तो कागद घेऊन शाळेत जा. एकट्याने जाऊ नका. शेजारच्या चार घरांना बरोबर घ्या. डब्याचा जाब आजवर शाळेने घराला विचारला. आता घराने शाळेला विचारावा.